आधी श्वास

वऱ्हाडात विहिरीतून किंवा डोहातून माणूस बाहेर काढला की काठावर पहिली आरोळी उठते ती पोटाची. "पोटातलं पानी काढा ना बाप्पा!" मग कोणी त्याला पालथं घालतं, कोणी पोटाखाली घागर सरकवतं, पोरगं लहान असेल तर पाय धरून गरागरा फिरवतात. तोंडातून पाणी येतं, सकाळचं जेवण येतं आणि भोवतालच्या गर्दीला हायसं वाटतं. या सगळ्यात तीन-चार मिनिटं जातात. तो माणूस बरेचदा त्याच तीन-चार मिनिटांत हातचा जातो, पाण्याबाहेर, आपल्या माणसांच्या हातांत.

पोटातल्या पाण्याने कोणी दगावत नाही. बुडताना गिळलेलं पाणी जठरात असतं आणि ते तिथे राहिलं तरी काही बिघडत नाही. बिघाड झालेला असतो फुफ्फुसांत, आणि तिथे गेलेलं पाणी लोक समजतात तेवढं नसतं. बहुतेकांच्या बाबतीत पेलाभरही नसतं. पोट दाबून ते बाहेर येत नाही. नदी-विहिरीचं गोडं पाणी तर पाहता पाहता रक्तात शोषलं जातं. पोट दाबल्याने एवढंच होतं, की जठरातलं अन्न घशाशी येतं आणि उरलीसुरली श्वासाची वाटही बुजते. बुडालेल्याचा जीव जातो तो हवेवाचून. त्याला हवा पाहिजे असते, आणि ती काठावरच्या प्रत्येकाच्या छातीत असते.

श्वास बंद पडला म्हणजे हृदय त्याच क्षणी थांबतं असं नाही. आधी रक्तातला प्राणवायू संपत जातो, मग भान जातं, नाडी मंदावते आणि शेवटी हृदय थांबतं. या उतरणीवर एक टप्पा असा असतो की हृदय अजून चाललेलं आहे, फक्त श्वास नाही. त्या टप्प्यावर कोणी चार-पाच वेळा तोंडाने श्वास भरला, तर माणूस खोकत खोकत परत येऊ शकतो. तो टप्पा हुकला की छातीही दाबावी लागते आणि यशाची आशा झपाट्याने कमी होते. प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटं गेली की मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

अमरावतीच्या जवाहर गेटजवळ भर बाजारात एखादा पन्नाशीचा माणूस अचानक कोसळतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं हृदय आधी थांबलेलं असतं. क्षणापूर्वीपर्यंत तो नीट श्वास घेत होता, त्यामुळे त्याच्या रक्तात आणि फुफ्फुसांत काही मिनिटं पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत पोचवायला फक्त पंप चालू राहिला पाहिजे, म्हणून तिथे नुसती छाती दाबली तरी भागतं. अमेरिकेच्या हृदयविकार संघटनेने २००८ मध्ये सामान्य लोकांसाठी याच कारणाने 'फक्त हात वापरा' असा सल्ला दिला. आपल्याकडेही भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्यांसाठी जी सोपी पद्धत ठरली, ती फक्त छाती दाबण्याचीच आहे. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात, कचरता कचरता काहीच करत नाहीत, त्यापेक्षा छाती तरी दाबा, असा तो व्यवहारी विचार आहे. शहरात तो योग्यच आहे.

पण हा सल्ला जसाच्या तसा आमच्या गावांत उतरला, याची मला काळजी वाटते. वऱ्हाडात माणसं अचानक कशाने मरतात ते एकदा नीट आठवून पाहा. कोणी नदीत, शेततळ्यात, खदानीत बुडतं. कोणी विहीर उपसायला उतरतं आणि खालच्या हवेने गुदमरतं. रात्री जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावतो; त्याचं विष स्नायू लुळे करत करत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतं. फवारणीचं विष अंगात भिनलं की श्वासनलिकेत स्राव साचतो आणि दम तुटतो. वीज पडते तेव्हा बसलेल्या धक्क्याने थांबलेलं हृदय पुष्कळदा आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र त्याहून जास्त वेळ बधिर राहतं आणि श्वासावाचून ते हृदय दुसऱ्यांदा थांबतं. या सगळ्या मरणांत श्वास आधी जातो, हृदय मागून. अशा माणसाची नुसती छाती दाबणं म्हणजे रिकाम्या विहिरीवर मोटार चालवणं. नदीकाठच्या, शेतातल्या माणसाला श्वास द्यायला शिकवलंच पाहिजे.

तोंडाने श्वास देणं ही काही कालची कल्पना नाही. कालव्यांचं शहर असलेल्या ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली आणि तिने तोंडाने श्वास भरण्याचा सल्ला दिला होता. त्याच जोडीला गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्याचाही सल्ला होता, हे सांगितलं पाहिजे. बुडालेल्याला पिंपावर पालथं घालून गडगडवण्याची रीत युरोपातही होती. आमच्या घागरीची ती सख्खी बहीण. पुढे दीड-दोनशे वर्षं तोंडाचा श्वास मागे पडला आणि पालथं घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, अशा पद्धती आल्या. जुन्या स्काउटच्या पुस्तकांतून होल्गर नील्सनची पद्धत शिकलेले आजोबा आजही पाठ दाबायला सांगतात, ते तिथून आलं. १९५० च्या दशकात जेम्स एलम आणि पीटर सफार या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं की पाठ दाबून छातीत पुरेशी हवा जातच नाही, आणि तोंडाने भरलेली हवा जाते. आपण सोडलेल्या श्वासात सोळा-सतरा टक्के प्राणवायू उरलेला असतो. ताज्या हवेत एकवीस. तेवढा दुसऱ्याला जगवायला पुरतो. सफार यांनी हेही दाखवलं की डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांनाही हे जमतं. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. या दोन गोष्टी जोडल्या गेल्या आणि आजचा सीपीआर झाला. बुडालेल्यासाठी त्या दोन्हींची जोडी सुटू द्यायची नाही, हे २०२४ मध्ये अमेरिकेच्या हृदयविकार संघटनेने बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर पुन्हा बजावलं. शिकलेल्याने बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यावा, असं त्यांचं सांगणं आहे.

करायचं ते असं. माणूस काठावर आला की त्याला सपाट, कडक जागी उताणं झोपवा. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारा. कपाळावर एक हात, हनुवटीखाली दोन बोटं, आणि डोकं मागे कलतं करा. जीभ घशातून वर उचलली जाते आणि वाट मोकळी होते. दहा सेकंदांपेक्षा जास्त न घालवता छाती हलते का पाहा. अधूनमधून घुरघुर, आचके येत असतील तर तो श्वास समजू नका. ते मरणाचे आचके आहेत, आणि "अजून श्वास चालू आहे" म्हणत लोक इथेच फसतात. एकाला १०८ ला फोन लावायला सांगा, बोट दाखवून सांगा, "तू लाव." नुसतं "कोणीतरी लावा" म्हटलं की कोणीच लावत नाही. मग नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट बसवा आणि छाती वर उचलली जाईल इतपत, सेकंदभर, हवा भरा. अशा दोन फुंका. काही देशांत पाच शिकवतात. जोरात फुंकू नका, हवा पोटात जाते. तोंडातून फेस येत असेल तर तो पुसत बसू नका, येतच राहतो. त्यातूनच हवा भरा.

त्याने हालचाल केली नाही, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर सरळ, आणि आपल्या अंगाच्या वजनाने दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. हे बरंच खोल आहे. पहिल्यांदा करणारा नेहमी कमी दाबतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० वेळा दाबलं की २ श्वास, पुन्हा ३०. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. बरगडी कडकन वाजली तरी थांबायचं नाही. मोडलेली बरगडी जुळते. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून दुसऱ्याने हात बदलायचा. गाडी येईपर्यंत, किंवा माणूस हलेपर्यंत, हेच. श्वास परत आला तर त्याला कुशीवर वळवा, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला. उठून बसला, चहा मागितला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण पाणी गेलेल्या फुफ्फुसांना काही तासांनी सूज येऊ शकते.

फवारणीच्या विषाची गोष्ट तेवढी निराळी आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. वऱ्हाड ते विसरलेलं नाही. अशा माणसाचे कपडे आधी काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, आणि तोंडाला थेट तोंड लावू नका. प्रथमोपचाराच्या पेटीत एकमार्गी पडद्याचा मुखवटा मिळतो, तो अशाच वेळी कामाला येतो. मोटारीचा किंवा स्टार्टरचा करंट लागलेल्याला हात लावण्याआधी प्रवाह तोडा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र करंट उरत नाही. त्याला शेणात पुरायचं नाही, ताबडतोब हात लावायचा.

आता पाण्याकडे वळतो, कारण वाचवायला गेलेला बुडतो हे आमच्याकडचं सर्वांत मोठं दुखणं आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटली आणि ११ जणांना जलसमाधी मिळाली. दशक्रियेसाठी जमलेले ते नातेवाईक होते. नदीचं पाणी, भरलेली होडी आणि अंगात एकही जीवरक्षक जॅकेट नाही, हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिलं आहे की ते आपल्याला खटकत नाही. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी हजारो शिवभक्त गांधीग्रामला कावडींत पूर्णेचं पाणी भरून सतरा-अठरा किलोमीटर चालत राजराजेश्वराला नेतात. रात्रीची वेळ, पूर आलेली नदी, गाळाने निसरडा झालेला काठ, आणि भरणे, म्हणजे कावडीची पाण्याने भरलेली भांडी, खांद्यावर घ्यायची घाई. भक्तीच्या त्या लोंढ्यात पाण्याशी किती जण उभे आहेत, हे कोणाला मोजता येत नाही.

२०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने शिवारोशिवारी तळी झाली. त्यांनी कोरडवाहू शेताला ओल दिली, हे खरंच आहे. पण ज्या तळ्याला पन्नी अंथरलेली असते, त्याच्या उतारावर ओला पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारा त्यात पडला तरी बाहेर येऊ शकत नाही. तो हातपाय मारतो, पन्नी निसटते, तो थकतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला बाप. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. काठावर खुंटा ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवायचा, चारी बाजूंनी एकेक, आणि जवळ हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेली रिकामी कॅन. बुडणारा दिसला की पहिलं काम आवाज देणं, दुसरं बांबू किंवा दोर पुढे करणं, तिसरं तरंगणारी वस्तू फेकणं. लुगडंही चालतं, धोतरही. बुडणारा हात वर करून ओरडत असतो हा सिनेमाने करून दिलेला गैरसमज आहे. तो बहुतेकदा गप्प असतो, डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीशी. श्वासालाच हवा पुरत नाही तर हाकेला कुठून येणार? म्हणून लेकरं पाण्यात अचानक शांत झाली की धावावं.

विहिरीचं तर आणखी जपून. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरलेला एक जण खाली कोसळला की दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तासाभरात एका घरचे तीन जीव जातात. जुन्या विहिरीच्या तळाशी कार्बन डाय ऑक्साइडसारखा जड वायू साचलेला असतो किंवा प्राणवायूच नसतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी असल्याचं सांगते, पण खाली चालवलेल्या डिझेल इंजिनाच्या विषारी धुराचं ती काहीही सांगत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरणारी माणसं असल्याशिवाय कोणीही उतरू नये, आणि कोसळलेल्यामागे कोणीही उतरू नये. वरून हवा मारत राहायचं आणि त्याच दोराने त्याला ओढायचं.

बुडालेल्यांना शोधायला आमच्याकडे कोण येतं? अकोला जिल्ह्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक. दीपक सदाफळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर, धरणं, विहिरी, डोह यांतून कितीतरी जणांना काढलं आहे. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पिंजरहून माणूस निघून दुसऱ्या तालुक्यातल्या डोहापर्यंत पोचेतो ती पहिली पाच मिनिटं कधीच निघून गेलेली असतात, आणि त्यांच्या हाती बहुतेकदा देहच लागतो. १०८ ची मोफत सेवा २०१४ पासून राज्यभर आहे, तिचंही तेच. पहिली पाच मिनिटं गावाचीच असतात.

आता सूर मारणाऱ्यांविषयी. विहिरीच्या काठावरून, पुलाच्या कठड्यावरून डोक्याच्या बाजूने उडी घ्यायची हौस आमच्या पोरांत मोठी. मागच्या महिन्यात खोल असलेल्या डोहात गाळ किंवा खडक वर आलेला असतो, डोकं तळाला आपटतं आणि मान मोडते. असा पोरगा पाण्यात पालथा, निपचित तरंगताना दिसला तर त्याचं डोकं आणि धड एका रेषेत धरून, वळवताना एकत्र वळवून, जमलं तर फळीवर घेऊन बाहेर आणावं. डोकं मागे कलतं न करता फक्त जबडा पुढे उचलून श्वास द्यावा. मानेच्या भीतीने श्वास थांबवू नये. वाट मोकळी होतच नसेल तर श्वास आधी. अनोळखी पाण्यात पहिली उडी नेहमी पायांवर, हा नियम पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगावा.

आणि हल्ली दिवाळीच्या सुट्टीत अकोला-अमरावतीची कुटुंबं मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात. तिथला एक नियम जिवावर बेतणारा आहे: वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती श्वास कोंडून वर आली तर आतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटतं. जास्त खोल आणि लागोपाठ बुड्या घेणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि घाईने वर आल्यावर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, पाय बधिर होतात, कधी चक्कर येते. अशा माणसाला आडवं झोपवून प्राणवायू द्यायचा, आणि पुन्हा पाण्यात उतरवायचं नाही. त्याला दाबकक्षाचा उपचार लागतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तो आहे. खोल बुडी घेतल्यावर २४ तास तरी विमानात बसू नये आणि लगेच गाडीने उंच घाट चढून परतीलाही निघू नये; उंचीवर दाब कमी होतो आणि ते बुडबुडे फुगतात.

हे सगळं वाचून येत नाही. हाताखाली पुतळा घेऊन, घाम येईपर्यंत दाबून, छाती वर उचलली जाताना डोळ्यांनी पाहूनच येतं, आणि सहा-आठ महिन्यांत हात विसरायला लागतात म्हणून पुन्हा करावं लागतं. कारखाना कायदा १९४८ चा आहे. त्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस हवा असं लिहिलं आहे. आमच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या त्या पेट्या उघडून पाहाव्यात असं मला नेहमी वाटतं. एसटीच्या वाहकाला परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे गावात एखादा तरी माणूस हे शिकलेला असतोच, त्याला आपण कधी विचारत नाही. अपघातात मदत केली म्हणून पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीतीही जुनी झाली. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतल्या १३४ अ कलमाने संरक्षण दिलं आहे.

अमरावतीत तर अडचण असायचं काहीच कारण नाही. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे आहे. वैद्य बंधूंनी उभी केलेली ही संस्था १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत आपले देशी खेळ घेऊन गेली आणि आज शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवते. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय त्याच शहरात आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकवणारे हात आहेत, तरुण पोरं आहेत. फक्त त्यांची गाठ घालून द्यायची आहे.

म्हणून माझी विनंती कावड मंडळांना आहे. पालख्या सजतात, ढोल-ताशांचे सराव महिनाभर आधी सुरू होतात, भरण्यांची संख्या ठरते. त्याच महिन्यात प्रत्येक मंडळाने आपली दोन पोरं आणि शक्य असेल तर एक पोरगी दोन दिवस शिकायला पाठवावीत. गांधीग्रामच्या घाटावर त्या रात्री त्यांच्या गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोर आणि हाताशी फुगवलेली ट्यूब असावी. आणि कोणी पाण्यातून बाहेर आला, तर घागर शोधणाऱ्या गर्दीला बाजूला सारून त्यांनी गुडघ्यावर बसावं आणि पहिला श्वास भरावा.